पंधरा दिवसांची गोळी

गेल्या महिन्यात आमच्या आक्काला चार दिवस हॉस्पिटलात ठेवावं लागलं, हे घरच्या मंडळींना ठाऊक आहे. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. आक्का माझी थोरली बहीण, वय ८२. लग्न होऊन गिरगावातल्या चाळीत आली ती आजतागायत तिथेच आहे. रात्री जेवण आटोपलं की पाण्याच्या तांब्याशेजारी ठेवलेली एक छोटी गोळी घ्यायची आणि आडवं व्हायचं, हा तिचा कित्येक वर्षांचा क्रम. मध्यंतरी भाच्याच्या मोबाइलवर कुणीतरी मजकूर पाठवला, की अशा गोळ्यांनी म्हाताऱ्या माणसांची स्मरणशक्ती जाते, तोल जातो, पडून खुब्याचं हाड मोडतं. मजकुरात खोटं काही नव्हतं. भाचा घाबरला आणि त्याच रात्री त्याने गोळ्यांचं पाकीट उचलून कपाटात ठेवलं, कुलूप लावलं. "आई, तुला व्यसन लागलंय," असं तिला सांगितलं.

पहिल्या दोन रात्री आक्का नुसती जागी होती. तिसऱ्या दिवशी हात थरथरायला लागले, चहाची बशी धरवेना. चौथ्या रात्री तिला गॅलरीत आमची आई बसलेली दिसली. आई जाऊन चाळीस वर्षं झाली. पाचव्या दिवशी पहाटे फीट आली.

आता बरी आहे. भाच्याचा फोन आला तेव्हा त्याचा आवाज रडवेला होता. म्हणाला, "मामा, तुम्हीही हीच गोळी घेत होतात ना? तुम्ही सोडलीत. मग आईला का नाही जमलं?" फोनवर मी काहीतरी तोडकंमोडकं उत्तर दिलं. पण मास्तरकीची खोड जात नाही. नीट उत्तर द्यायचं तर मागून सुरुवात करायला हवी, आणि मागे जावं तर ही गोष्ट थेट आपल्या परळ-लालबागात येऊन पोचते.

आमची आजी एक शब्द वापरायची, बाळगोळी. आजच्या मुलांना तो ठाऊक असायचं कारण नाही. १९२० च्या सुमारास मुंबईच्या कापड गिरण्यांत कामगारांचा साधारण पाचवा हिस्सा बायका होत्या. दहा-दहा तास काम. मूल तान्हं असेल तर ते खोलीवर राहायचं, सात-आठ वर्षांच्या थोरल्या बहिणीच्या नाहीतर शेजारच्या म्हातारीच्या ताब्यात. मग सकाळी निघताना आई त्याच्या तोंडात मोहरीएवढी गोळी घालायची. त्या गोळीत अफू असे. मूल दिवसभर गुंगीत पडून राहायचं, रडायचं नाही, भूक लागली तरी मागायचं नाही. सरकारने नेमलेल्या डॉ. बार्न्स नावाच्या बाईंनी तेव्हा गिरण्यांतल्या स्त्री कामगारांची पाहणी केली. १९२२ साली त्यांनी लिहिलं, की या बायकांच्या ९८ टक्के तान्ह्या मुलांना अफू दिली जाते. शंभरातली अठ्ठ्याण्णव! म्हणजे कुणी एखादी दुष्ट आई असा हा प्रकारच नव्हता. तो वस्तीचा रिवाज होता आणि त्यामागे गिरणीचा भोंगा होता.

आजी सांगायची ते एवढंच, की सुटीच्या दिवशी गोळी दिली नाही तर पोर दिवसभर किंचाळायचं, अंग ताठ करायचं, हगवण लागायची. मग शेजारणी म्हणायच्या, बघ, गोळीशिवाय याला करमत नाही, दे बाई. गोळी दिली की पोर शांत. गोळीनेच आणलेला आजार गोळीनेच बरा होतो आणि सगळ्यांना वाटतं की औषध लागू पडलं. हे कोडं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

(जाता जाता एक. ही अफू मुंबईला काही परकी नव्हती. माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जायची आणि त्या व्यापारावर इथल्या कितीतरी शेठांनी पैसा केला. जमशेटजी जीजीभाईंचाही त्या व्यापारात मोठा वाटा होता. १८४५ मध्ये सुरू झालेलं जे. जे. हॉस्पिटल त्यांच्या देणगीतून उभं राहिलं. चांगलं-वाईट असं सोलून वेगळं काढता येत नाही ते असं.)

मोठ्या माणसांसाठी तेव्हा ब्रोमाइडचं मिक्श्चर होतं, नंतर बार्बिट्युरेट जातीच्या गोळ्या आल्या. व्हेरोनाल १९०३ ची, ल्युमिनाल १९१२ ची. ही औषधं झोप आणायची खरी, पण दोन-चार गोळ्या जास्त झाल्या तर माणूस उठायचा नाही. म्हणून सगळं जग अशा औषधाच्या शोधात होतं, की जे माणसाला शांत करील पण झोपवणार नाही आणि मारणार तर नाहीच.

ते पहिलं औषध जगाला ज्या रस्त्याने सापडलं त्या रस्त्यावर आपलं परळचं के. ई. एम. आहे. मी आयुष्यभर त्या हॉस्पिटलावरून गेलो-आलो आणि मला ही गोष्ट साठी उलटेपर्यंत माहीत नव्हती, याची लाज वाटते. सर्पगंधा ही वनस्पती आपल्या वैद्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक. बिहारकडे तिला 'पागल की दवा' असंच म्हणत. १९३१ मध्ये कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस या दोघांनी लिहिलं, की या मुळीने वेडाचा झटका शमतो आणि रक्तदाब उतरतो. पण ते वाचलं कुणी? हिंदुस्थानाबाहेर फारसं कुणीच नाही. के. ई. एम. मध्ये रुस्तुम जाल वकील नावाचे हृदयरोगाचे डॉक्टर होते. त्यांनी रक्तदाबाच्या ५० रुग्णांना सर्पगंधा देऊन काटेकोर नोंदी ठेवल्या आणि १९४९ मध्ये तो निबंध ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापून आणला. तिथून चक्र फिरलं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीतल्या रसायनशास्त्रज्ञांनी त्या मुळीतून रेसरपिन वेगळं काढलं. १९५४ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या मनोरुग्णालयात डॉ. नेथन क्लाइन यांनी ते वापरून पाहिलं. 'ट्रँक्विलायझर' हा शब्द रूढ झाला तो याच औषधाच्या निमित्ताने. १९५७ चं अमेरिकेतलं मानाचं लास्कर पारितोषिक ज्यांना मिळालं त्यांत क्लाइनही होते आणि आपले डॉ. वकीलही.

त्या हॉस्पिटलाच्या दारात आज टॅक्सीवाले भांडतात, चहावाला ओरडतो, नातेवाईक डबे घेऊन ताटकळतात. आत ही एवढी मोठी गोष्ट होऊन गेली.

पण तीन-चार वर्षांतच रेसरपिनबद्दल तक्रारी यायला लागल्या, की ते घेणाऱ्या काही माणसांना खोल उदासी येते. औषध मागे पडलं आणि त्याची जागा घ्यायला दुसरी घराणी तयार होती. १९५५ मध्ये अमेरिकेत मिलटाउन आलं. १९६० मध्ये लिब्रियम आणि १९६३ मध्ये व्हॅलियम. या शेवटच्या दोघांचा जनक लिओ स्टर्नबाख. न्यू जर्सीतल्या रोश कंपनीच्या प्रयोगशाळेत आवराआवर करताना, फेकून द्यायच्या बेतात असलेलं एक रसायन तपासायला पाठवलं आणि त्यातून लिब्रियम निघालं. व्हॅलियम म्हणजे डायझेपाम. १९६९ ते १९८२ एवढी वर्षं अमेरिकेत सगळ्यात जास्त खपणारं औषध हेच होतं.

आपल्याकडे डायझेपाम गाजलं ते १९६९ मध्ये, रॅनबॅक्सी कंपनीच्या 'काम्पोज'ने. माझ्या पिढीला वेगळं सांगायला नको. झेरॉक्स, डालडा तसं काम्पोज. कुठलीही शांत करणारी गोळी म्हणजे काम्पोज. परीक्षेच्या आदल्या रात्री, लग्नघरात मुलीच्या आईला, मयताच्या घरी विधवेला. 'अर्धी काम्पोज दे आणि पडू दे तिला,' हे वाक्य मी किती चाळींतून ऐकलं असेल! ती कंपनी २०१५ मध्ये दुसऱ्या कंपनीत विलीन झाली, पण जुन्या माणसांच्या तोंडी शब्द अजून आहे. आणि खरंच, आधीच्या बार्बिट्युरेटच्या मानाने ही गोळी कितीतरी सुरक्षित होती. डॉक्टरांनी ती विश्वासाने दिली, लोकांनी विश्वासाने घेतली. यात कुणाला नावं ठेवायची माझी इच्छा नाही.

मला राग येतो तो दुसऱ्या गोष्टीचा. ही गोळी एकदम थांबवली तर काय होतं हे अगदी सुरुवातीलाच माहीत झालं होतं. १९६१ मध्ये, म्हणजे लिब्रियम बाजारात येऊन वर्ष झालं नाही तोच, कॅलिफोर्नियातल्या लिओ हॉलिस्टर नावाच्या डॉक्टरांनी एक प्रयोग छापला. बरेच महिने मोठ्या मात्रेत लिब्रियम घेणाऱ्या ११ रुग्णांना त्यांनी एकाएकी, त्यांना न कळू देता, खोट्या गोळ्या दिल्या. अकरापैकी दहा जणांना त्रास झाला. झोप उडाली, जिवाची घालमेल, अन्नावरची वासना गेली. दोघांना फीट आली. आमच्या आक्कासारखीच. हे १९६१ सालचं! पण लोक म्हणाले, मात्रा फार मोठी होती हो, नेहमीच्या मात्रेत असं होत नाही. नेहमीच्या मात्रेतही होतं, हे लंडनच्या माल्कम लेडर यांच्यासारख्या डॉक्टरांनी पटवून द्यायला १९८१ उजाडलं. १९८८ मध्ये ब्रिटनच्या औषध-सुरक्षा समितीने सांगितलं, की ही गोळी दोन ते चार आठवड्यांपेक्षा जास्त देऊ नका. तोवर लाखो माणसं दहा-दहा, पंधरा-पंधरा वर्षं ती घेत होती. त्यांनी करायचं काय?

आता आमच्याकडचं. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर. मी तेव्हा लालबागजवळच्या एका मराठी शाळेत शिकवत होतो. दिवाळीपर्यंत वर्गातली मुलं गळायला लागली होती, कुणी रत्नागिरीला, कुणी साताऱ्याला, कुणी भाजीच्या गाडीवर. एका मुलाची आई फी-माफीचा अर्ज घेऊन आली. कापडी पिशवीत अर्ज शोधताना गोळ्यांची पट्टी खाली पडली. मी उचलून दिली. ओशाळून म्हणाली, "सर, ह्यांना झोप लागत नाही. रात्रभर येरझाऱ्या घालतात. मग मलाही लागत नाही. डॉक्टरांनी दोघांना मिळून एकच पाकीट दिलंय." भाड्याला पैसे नव्हते, पण एक गोळी पंचवीस-तीस पैशांना मिळत असावी. त्या बाईला काय म्हणायचं? तिच्या नवऱ्याचा आजार गिरणी सुरू झाली असती तर बरा झाला असता. संप अधिकृतपणे कधी मागे घेतला गेलाच नाही. त्यांचं पाकीट कधी सुटलं का, कोण जाणे. मुलगा पुढच्या जूनला शाळेत आला नाही.

माझी पाळी आली ती ११ वर्षांनी. १२ मार्च १९९३ ला मी दादरला होतो, प्लाझा सिनेमाच्या पलीकडच्या फुटपाथवर. अंगावर काचेचा चुरा आला, कानठळ्या बसल्या, बाकी खरचटलंसुद्धा नाही. त्या दिवशी शहरात २५७ माणसं गेली. माझं काहीच झालं नव्हतं, त्यामुळे तक्रार कुणाकडे करायची? पण तीन आठवडे झोप नाही. वर्गात बाक आपटला की घाम फुटायचा. आमच्या डॉक्टरांनी अल्प्राझोलामची अर्ध्या मिलीग्रामची गोळी लिहून दिली आणि म्हणाले, "मास्तर, पंधरा दिवस घ्या." पहिल्या रात्री मी लहान मुलासारखा झोपलो. त्या झोपेबद्दल मी त्यांचा आजही ऋणी आहे.

ते पंधरा दिवस २७ वर्षं चालले.

कसे चालले? सोपं आहे. पंधरा दिवसांनी गोळी थांबवली, दोन दिवसांत जिवाची तगमग सुरू झाली, मला वाटलं आजार परत आला. गोळी घेतली, तगमग थांबली. पटलं, की मला गोळीची गरज आहे. आजीच्या शेजारणी म्हणायच्या तेच मी स्वतःला म्हणत होतो आणि मला पत्ताही नव्हता. मधल्या काळात डॉक्टर वारले, दुसरे आले, त्यांनी जुनी चिठ्ठी पाहून नवी लिहिली. मात्रा कधी वाढली नाही. मी शिकवत होतो, निवृत्त झालो, मुलीचं लग्न केलं. मला कुणी नशेबाज म्हटलं असतं तर मी काठी उगारली असती.

आता भाच्याच्या 'व्यसन' या शब्दाकडे येतो. जन्मभर मराठी शिकवली, एवढा हक्क आहे. व्यसन म्हटलं की तलफ आली, चोरून घेणं आलं, आज एक उद्या दोन असं वाढणं आलं. आक्काने या तिन्हींतलं काहीही केलं नाही. तिने डॉक्टरांनी सांगितलेली गोळी सांगितलेल्या वेळी घेतली. जे झालं ते तिच्या मनाला नव्हे, मेंदूला झालं, आणि त्यासाठी आपल्या घरगुती बोलीत शब्दच नाही. अंगवळणी पडणं हा त्यातल्या त्यात जवळचा. अंगाला वळण पडतं, ते सरळ करायला वेळ लागतो.

मेंदूत उत्तेजन देणारी रसायनं असतात तशी आवर घालणारीही असतात. त्यातलं मुख्य गाबा. ही गोळी स्वतः आवर घालत नाही, ती गाबाचा जोर वाढवते. घरात कायमचा गडी ठेवला की घरची माणसं हळूहळू कामं विसरतात, तसं मेंदूचं होतं. बाहेरून मदत येतेय म्हटल्यावर तो स्वतःची आवर घालायची ताकद कमी करत नेतो. गडी एका सकाळी न सांगता निघून गेला तर घराची जी दाणादाण उडेल तीच आक्काच्या डोक्यात उडाली. घरची माणसं कामं पुन्हा शिकतात, पण आठवड्यात नाही. मेंदूलाही महिने लागतात, कधी वर्षाच्या वर.

आणि अर्धा मिलीग्राम या आकड्यावर जाऊ नका. मी तेच करायचो. 'अर्धा तर आहे!' अल्प्राझोलामचा अर्धा मिलीग्राम म्हणजे डायझेपामच्या जवळजवळ दहा मिलीग्रामइतका, असा हिशेब आहे. शिवाय अल्प्राझोलाम अंगातून लवकर उतरतं, साधारण ११-१२ तासांत निम्मं. डायझेपाम रेंगाळतं, दिवसच्या दिवस. लवकर उतरणारी गोळी सोडायला जास्त अवघड.

हा हिशेब मांडला न्यूकॅसलच्या प्राध्यापिका हेदर अ‍ॅश्टन यांनी. त्यांच्याविषयी मला फार आदर आहे. १९८२ ते १९९४ अशी बारा वर्षं त्यांनी फक्त या गोळ्या सोडू पाहणाऱ्यांसाठी दवाखाना चालवला. सुमारे ३०० माणसं त्यांच्याकडे आली. त्यांनी काय केलं? ऐकून घेतलं. रुग्ण म्हणतात ते खरं असेल, असं धरून चालल्या. आणि जे शिकल्या ते १९९९ मध्ये एका पुस्तिकेत लिहून सगळ्यांना मोकळं केलं. मुद्दा साधाच. लवकर उतरणाऱ्या गोळीवरून शक्यतो डायझेपामवर यायचं, मग मात्रा अगदी थोडी थोडी उतरवायची, वेग रुग्णाने ठरवायचा, वर्ष लागलं तर लागू द्यायचं. एकदम कधीही थांबवायची नाही. १९८२ मध्ये त्यांचा दवाखाना सुरू झाला तेव्हा लालबागमध्ये दोघांत एक पाकीट वाटून घेतलं जात होतं, हे डोक्यातून जात नाही.

माझी गोळी सुटली ती शहाणपणाने नव्हे, नाइलाजाने. १ मार्च २०१४ पासून या गोळ्या आपल्याकडे शेड्यूल एच-वन मध्ये आल्या. केमिस्टने चिठ्ठी पाहायची, रुग्णाचं आणि डॉक्टरचं नाव वेगळ्या वहीत लिहायचं आणि ती वही तीन वर्षं ठेवायची. नियम चांगलाच आहे. पण नियमाला माझी २७ वर्षं दिसत नाहीत. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली, माझी चिठ्ठी जुनी झाली होती, डॉक्टरांचा दवाखाना बंद. केमिस्ट ओळखीचा, तरी नाही म्हणाला. त्याचं चुकलं नाही. पाकिटात तीन गोळ्या होत्या. मी म्हटलं, बरं झालं, सुटेल.

तिसऱ्या दिवसानंतर जे सुरू झालं ते लिहिताना आजही हात आखडतो. कुकरची शिट्टी अंगात सुई टोचल्यासारखी लागायची. नळाचं पाणी कर्कश. दात शिवशिवायचे, डोक्याच्या कातडीवरून मुंग्या. छातीत धडधड, आणि कारण काही नाही. टाळेबंदीतल्या सामसूम दादरमध्ये मला रात्रभर कुणीतरी जिना चढत असल्याचा भास. बायकोला वाटलं करोनाच झाला. सहाव्या दिवशी मुलीने फोनवर एक मानसोपचारतज्ज्ञ गाठले. त्या बाईंनी सगळं ऐकून पहिलं वाक्य म्हटलं ते असं, "सर, तुम्हाला वेड लागत नाहीये. गोळी अचानक थांबली आहे." मी फोन बायकोकडे दिला आणि रडलो.

त्यांनी गोळी पुन्हा सुरू केली. मग दीड महिन्यात टप्प्याटप्प्याने डायझेपामवर आणलं, आणि तिथून उतरण. दहावरून नऊ, तीन आठवडे थांबायचं. नऊवरून आठ. पाचाच्या खाली आल्यावर अर्धा-अर्धा मिलीग्राम आणि महिना-महिना. गोळी ब्लेडने कापायला मी पत्र्याचं एक झाकण ठेवलं होतं, म्हणजे चुरा वाया जात नाही. भिंतीवरच्या कालनिर्णयवर तारखेच्या चौकटीत मात्रा लिहायचो. एकदा नातवाच्या बारशाच्या घाईत मात्रा उतरवली आणि फसलो. बाई म्हणाल्या, "मागे जायचं नाही, पण पुढेही जायचं नाही. आहात तिथे बसा." दोन महिने बसलो. वीस महिने लागले सगळे मिळून.

औषधाखेरीज काय उपयोगी पडलं असं लोक विचारतात. सकाळचं ऊन, शिवाजी पार्कला दोन फेऱ्या, दुपारनंतर चहा बंद. आणि श्वास. श्वासाचं बाईंनी सांगितलं तेव्हा मी मनात म्हटलं, आता हेच राहिलं होतं. नंतर कळलं, की याचीही वाट परळवरूनच जाते. के. ई. एम. च्या मानसोपचार विभागाचे डॉ. एन. एस. वाहिया यांनी पतंजलीच्या योगातली आसन, प्राणायाम, प्रत्याहार, धारणा, ध्यान ही अंगं घेऊन चिंतेच्या रुग्णांवर उपचार केले आणि विनेकर व डुंगाजी या सहकाऱ्यांसह १९६६ मध्ये ते ब्रिटिश जर्नल ऑफ सायकिअ‍ॅट्रीत मांडले. काम्पोज यायच्या तीन वर्षं आधी! पण गोळी दहा सेकंदांत लिहून होते. प्राणायाम शिकवायला माणूस लागतो, चटई लागते, रोज तास लागतो. बाहेर दीडशे माणसांची रांग असताना कुठला डॉक्टर काय निवडेल? श्वासाने माझी गोळी सुटली असं मी म्हणणार नाही. रात्री तीन वाजता करायला काहीतरी होतं, एवढं खरं.

तर भाच्या, तुझ्या प्रश्नाचं उत्तर. मी सोडली ती वीस महिन्यांत, आणि तू आईला वीस तासांत सोडायला लावलीस. माझ्या पहिल्या सहा दिवसांत माझीही अवस्था तिच्यासारखीच झाली होती, माझं नशीब की फीट आली नाही. तू वाचलंस ते बरोबर होतं. या वयात ही गोळी चांगली नाही, पडायची भीती असते, डोकं धूसर होतं. फक्त त्या मजकुरात शेवटचा परिच्छेद नव्हता. तो साठ वर्षं अनेकांच्या वाचनातून सुटलेला आहे, त्यामुळे तू फार मनाला लावून घेऊ नकोस. आक्काने तर केव्हाच माफ केलंय. ती उलट मला विचारत होती, "खरंच का रे, मी व्यसनी झाले होते?" तेवढं मात्र तिच्याजवळ बसून एकदा नीट सांग.

आणि बाकीच्यांना विनंती, माझे मात्रेचे आकडे उचलून कुणी घरच्या घरी प्रयोग करू नये. ज्यांच्या घरी अशी छोटी गोळी वर्षानुवर्षं चालू आहे त्यांनी पाकीट लपवू नये, फेकू नये. पाकीट घेऊन डॉक्टरकडे जावं आणि 'ही कमी कशी करायची' असं सरळ विचारावं.

आक्काची गोळी हॉस्पिटलात पुन्हा सुरू केली. परवा डॉक्टरांनी पुढच्या वर्षभराचा बेत लिहून दिला. पत्र्याचं झाकण मी तिच्याकडे पोचवलं आहे, ब्लेडच्या जागी भाच्याने गोळी कापायचं छोटं यंत्र आणलंय. पहिली कपात गणपती झाल्यावर. घरात पाहुणे असताना काही बदलायचं नाही, यावर डॉक्टर आणि आक्का यांचं एकमत झालं आहे.